भिंतीवरचं ध्येयवाक्य आणि गेटवरचा पहिला शब्द

शाळेत शिरलं की समोरच ध्येयवाक्य दिसतं, छान फ्रेम वगैरे, "सर्वांगीण विकास" त्यात असणारच. पण स्टाफरूममध्ये कुणाला न बघता म्हणून दाखवा म्हटलं की पंचाईत. साहजिकच आहे, ते कुणीतरी एकट्याने ऑफिसात बसून लिहिलेलं असतं. त्यापेक्षा शिक्षक, पालक, क्लार्क, जमलं तर मोठी मुलंसुद्धा, सगळ्यांना बसवा आणि "आपल्याकडून बाहेर पडणारं पोर कसं असावं" एवढंच विचारा, वाद होतील, होऊ द्यात.

कल्चर मात्र मीटिंगमध्ये बनत नाही हो. उशिरा आलेल्या मुलाला गेटवर पहिलं काय ऐकू येतं, "घरी घड्याळ नाही का?" की "ये, बरा आहेस ना?", तिथेच बरंचसं ठरतं. कारण काय ते नंतर विचारता येतंच की. तसंच नवीन शिक्षकाचा तास फसला तर सिनियर मंडळी मागून हसतात की दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन बसतात? अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर या अमेरिकन संशोधकांनी १९९० च्या दशकात शिकागोच्या प्राथमिक शाळांचा अभ्यास केला, तर जिथे मुख्याध्यापक-शिक्षक-पालक यांचा एकमेकांवर विश्वास होता तिथे वाचन-गणितात सुधारणा होण्याची शक्यता जास्त दिसली.

आणि बक्षीस समारंभ! ध्येयात लिहिलंय सहकार्य आणि स्टेजवर बोलावणार फक्त पहिले तीन नंबर, मग पोरं काय शिकणार? वेळापत्रकाचंही तेच, परीक्षा जवळ आली की लायब्ररीचा तास सगळ्यात आधी कापला जात असेल तर फ्रेममधून "वाचनसंस्कृती" सरळ खोडून टाका.