आरशापलीकडची आई

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांना शिकवण्याच्या कामात मला सोळा वर्षे झाली आणि या काळात ज्यांच्या विचाराचा आधार मी रोज घेतला, ते मानसशास्त्रज्ञ म्हणजे एरिक शॉप्लर. १९३८ मध्ये नाझी जर्मनी सोडून अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबातला हा मुलगा पुढे शिकागो विद्यापीठात शिकला. आईबापांच्या मायेअभावी मूल स्वमग्न होते, हे मत प्राध्यापक ब्रुनो बेटेलहाइम त्याच विद्यापीठातून ठासून मांडत होते. पालकांना बळीचा बकरा केले जात आहे, असे शॉप्लर यांनी १९७१ मध्ये स्पष्ट लिहिले. स्वतः असा द्वेष भोगलेल्या माणसाला तो ओळखू आला असावा, असे मला नेहमी वाटते.

नॉर्थ कॅरोलायनातील चॅपेल हिल येथे १९६६ मध्ये रॉबर्ट राइक्लर यांच्यासह त्यांनी जो प्रकल्प सुरू केला, त्यात एकतर्फी आरशामागे (ज्यातून मागच्या बाजूने पलीकडचे दिसते, पण समोरून फक्त आरसाच दिसतो) बसून आई तज्ज्ञाचे काम पाहत असे, आणि मग तीच आई मुलासोबत घरी केलेले काम करून दाखवत असताना तज्ज्ञ आरशामागे बसत. प्रकल्पाच्या अनुदानाची मुदत संपत आली तेव्हा याच पालकांनी राज्याच्या विधिमंडळाकडे पाठपुरावा केला आणि १९७२ मध्ये ‘टीच’ (TEACCH) हा स्वमग्न मुलांसाठीचा राज्यव्यापी कार्यक्रम कायमचा उभा राहिला. राज्याच्या पश्चिमेकडच्या अ‍ॅशव्हिलपासून पूर्वेकडच्या ग्रीनव्हिलपर्यंत प्रादेशिक केंद्रे निघाली. निदान, पालकांचे मार्गदर्शन आणि शाळांना मदत या तिन्ही गोष्टी गावाजवळ मिळू लागल्या. शॉप्लर यांनी सुमारे दोन दशके हा कारभार सांभाळला.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते ‘टीच’मध्ये तज्ज्ञांना दिले जाणारे प्रशिक्षण. शिक्षक, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ असे सगळे एका वर्गात बसतात, खऱ्या मुलासोबत काम करतात आणि संध्याकाळी आपल्या चुकांवर बोलतात. प्रत्येकाने मुलाकडे समग्रपणे पाहावे, ‘हे माझ्या विषयात येत नाही’ असे म्हणून हात झटकू नयेत, हा शॉप्लर यांचा आग्रह होता आणि माझ्या मते तो आजही पुरेसा पाळला जात नाही.

‘टीच’च्याच पद्धतीने आमच्या वर्गात एक मुलगा डावीकडच्या टोपलीतून कपड्यांचे चिमटे घेतो, रंग पाहून पुठ्ठ्याला लावतो आणि पुठ्ठा उजवीकडच्या ‘संपलं’ लिहिलेल्या टोपलीत ठेवतो. काम किती, कुठे संपणार आणि पुढे काय, हे त्याला सांगावे लागत नाही, ते दिसते. त्याची आई पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली होती, “ताई, मी नोकरी केली म्हणून हा असा झाला, असं सासूबाई म्हणतात.” आमच्याकडे तसा आरसा नाही. तिची खुर्ची मी दाराशी मांडते. ती वहीत टिपून घेते आणि शुक्रवारी माझ्या जागी ती बसते, मी तिच्या खुर्चीवर.