क्रॅट्की टबातला लेट्यूस, तिसरी खेप: 38 दिवसांची नोंद

क्रॅट्की म्हणजे मातीविना, साठलेल्या खतपाण्यात रोप वाढवायची पद्धत: पाणी उतरत जातं तशी वरची मुळं हवेत राहतात. मांडणी: झाकणाचे 25 लिटरचे दोन काळे टब, प्रत्येकात 20 लिटर पाणी, झाकणाला 2 इंची नेट पॉटची (जाळीदार कुंडीची) 5 भोकं. वर 4 फुटी, 20 वॅटच्या दोन एलईडी ट्यूब, पानांपासून वीतभर उंच, टायमरवर 16 तास. हवेचा पंप नाही.

20 लिटरला खत: कॅल्शियम नायट्रेट 12 ग्रॅम, 13:0:45 (नत्र:स्फुरद:पालाश यांचे टक्के) 6 ग्रॅम, 0:52:34 3 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 7 ग्रॅम, चिलेटेड लोह आणि चिमूटभर सूक्ष्म अन्नद्रव्यं. (द्राक्षबागायतदारांना हे ग्रेड तोंडपाठ असतात.) कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या तांब्यात विरघळवून सगळ्यात शेवटी. घट्ट द्रावणं एकत्र ओतली की तळाला पांढरा साका बसतो, आणि तो साका म्हणजे वाया गेलेलं खत. 19:19:19 नको. त्यातला बराच नत्र युरियाचा असतो आणि मातीतल्या जिवाणूंशिवाय तो रोपाच्या फारसा कामी येत नाही. पीएच 6, ईसी (पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांचं माप) 1.6.

दिवस 12: चार पानांची रोपं टबात. नेट पॉटचं बूड जेमतेम सेंटिमीटरभर पाण्यात.

दिवस 24: पाणी चार बोटं उतरलं. उघड्या पडलेल्या मुळांवर कापसासारखी पांढरी लव. क्रॅट्कीचं सगळं इंगित या लवेत आहे, कारण मुळांसाठी हवा घेते ती हीच लव. टब 2 मुद्दाम काठोकाठ भरला.

दिवस 27: टब 2 ची पानं मुळं पाण्यात असूनही मलूल. लव तपकिरी, बोटाला बुळबुळीत, कुबट वास. पाणी 28 अंश, म्हणजे मूळकुजीला आयतं आवतण. दोन रोपं गेली. पाणी घालावंच लागलं तर उतरलेल्या पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच, वरची मुळं कोरडी ठेवून.

दिवस 31: टब 1 मध्ये आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या. खत वाढवू नका, कॅल्शियम पाण्यात पुरेसं आहे. हवा कोंडली की आतल्या पानांतून बाष्प उडत नाही, आणि पाणी वर चढलं नाही तर कॅल्शियमही चढत नाही. कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा पंखा आडवा लावला. करपलेलं सुधारलं नाही, नवी पानं मात्र स्वच्छ आली.

दिवस 38: काढणी. टब 1, 5 रोपं, 560 ग्रॅम. टब 2, 3 रोपं, 240 ग्रॅम. टबात आल्यापासून 26 दिवसांत ट्यूबनी 16.6 युनिट वीज खाल्ली, किलोमागे जवळपास 21. लेट्यूसमध्ये 95 टक्के पाणीच, म्हणजे कोरडा माल जेमतेम 40 ग्रॅम. घरात ज्वारी-गहू पिकवून अन्नसुरक्षा साधू म्हणणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा. पालेभाजीपुरतं ठीक आहे, तेही कोंब आणि कोवळी पानं लवकर काढून.

चौथी खेप: पूर्वेच्या खिडकीशी, ट्यूब फक्त 8 तास, पंखा पहिल्या दिवसापासून.