क्रोक पार्कात मी खो दिला

आयर्लंडला गेले ती भाच्याकडे, गॅलवेला. दोन आठवड्यांत मोहरचे कडे पाहिले (म्हणजे धुकं पाहिलं, कडे त्याच्या मागे असावेत), कनेमाराच्या मेंढ्या पाहिल्या, दोन छत्र्या मोडल्या. त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहून ठेवलंय. मला लिहायचंय ते १० ऑगस्ट २०२५ च्या रविवारबद्दल.

"मावशी, डब्लिनला कॅमोगीची फायनल आहे. आमची गॅलवे खेळतेय, कॉर्कशी." आमची! तीन वर्षांत गडी पक्का गॅलवेकर झाला होता.

गाडीत सगळीकडे गॅलवेचे मरून शर्ट. समोरच्या सीटवर आठ-नऊ वर्षांची मुलगी मांडीवर काठी आडवी घेऊन बसलेली, वीणा धरावी तशी. काठी अ‍ॅश झाडाच्या लाकडाची, खाली चपटी आणि वळलेली. कॅमोगी म्हणजे हॉकी समजू नका. इथे चेंडू हातात घेता येतो, काठीच्या पात्यावर तोलून पळता येतं, हवेतल्या हवेत टोलवता येतो. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून खांबांच्या मधून गेला तर एक. पुरुषांचा हर्लिंग तो हाच खेळ. त्यांची काठी 'कमॉन', बायकांची आखूड ती 'कमोग', त्यावरून कॅमोगी. लोट्याची लोटी व्हावी तसं.

डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमात ८२ हजारांवर माणसं मावतात. वरचे मजले रिकामे होते, ते मला खुपलं. व्हिनेगरमध्ये भिजवलेले चिप्सही खुपले, पण ते माझं मी निस्तरलं. दोन्हीकडचे समर्थक मात्र एकमेकांत मिसळून बसतात, मध्ये जाळी नाही, पोलीस नाहीत. माझ्या शेजारी लाल-पांढरा झेंडा घेऊन कॉर्कच्या एक आजी होत्या, पंचाहत्तरीच्या.

संघ मैदानात आले तेव्हा आजींनी मला कोपरानं ढोसलं. "पाय बघ त्यांचे." मी बघितले. बहुतेक जणी शॉर्ट्समध्ये. यात बघायचं काय, ते मला भाच्यानं सांगितलं. त्या मे महिन्यापर्यंत या बायकांना स्कॉर्टच घालावी लागे, म्हणजे वरून स्कर्ट, आतून चड्डी. मेच्या सुरुवातीला डब्लिन आणि किल्केनीच्या मुली ठरवून शॉर्ट्स घालून उतरल्या. पंचांनी सांगितलं, बदला, नाहीतर सामना नाही. बदलल्या आणि खेळल्या. पण गवगवा एवढा झाला की २२ मे रोजी संघटनेला खास अधिवेशन घ्यावं लागलं. ९८ टक्के मतं पडली: जिला जे हवं ते तिनं घालावं. १९०४ साली सुरू झालेल्या खेळाला एवढं कळायला १२१ वर्षं लागली.

मला हसू येईना. सांगलीत शाळेकडून खो-खो खेळायचे तेव्हा आम्हाला सलवार-कमीज आणि वर ओढणी, कमरेला गाठ मारून. जिल्ह्याच्या सामन्यात ती ओढणी खांबाला अडकली आणि मी तोंडावर पडले. बाई आधी ओढणी सारखी करायला धावल्या, गुडघा नंतर पाहिला. ही गोष्ट मी नवऱ्यालाही कधी सांगितलेली नाही. आजींना मोडक्या इंग्रजीत सांगितली. त्या म्हणाल्या, आमचा लोकरीचा फ्रॉक पावसात माझ्यापेक्षा जड व्हायचा.

सामन्याचं काय सांगू. कॉर्कला लागोपाठ तिसरं विजेतेपद हवं होतं, त्यांची एकूण तीस झालेली. त्यांच्या एका मुलीला पहिल्याच अर्ध्यात लाल कार्ड मिळालं. आजींनी जे उच्चारलं ते भाच्यानं भाषांतरित केलं नाही. चौदा जणी राहूनही कॉर्क हटेना. यातल्या एकीलाही खेळायचा पगार नाही, सोमवारी कामावर हजर, हे आठवलं की त्या धडकांकडे बघवेना. वेळ संपून गेली, जादा मिनिटं चालू, आणि गॅलवेला फ्री, म्हणजे मोकळा टोला, मिळाली. कॅरी डोलन चेंडूपाशी आली. माझा हात आजींच्या हातात होता, कधी गेला कळलंच नाही. चेंडू खांबांमधून गेला, पंचांचा पांढरा झेंडा वर, म्हणजे एक गुण. गॅलवे १-१४, कॉर्क १-१३ (आधी गोल, मग गुण). एका गुणानं.

भाचा अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होता. आजींनी टाळ्या वाजवल्या, झेंडा शांतपणे साडीसारखा घडी घालून पिशवीत ठेवला आणि विचारलं, "तो तुझा खेळ कसा असतो गं?"

आता खो-खो इंग्रजीत कसा सांगणार? लोक पांगले होते. मी पायऱ्यांच्या मोकळ्या जागेत उकिडवी बसून दाखवलं, एक इकडे तोंड, एक तिकडे. मरून शर्टातल्या दोन पोरी आपणहून ओळीत बसल्या, तिसरी आली, तिचे वडीलही बसले. आजी म्हणाल्या गुडघे वाकत नाहीत, त्या खुर्चीवरच पाठ फिरवून बसल्या. वरून भाचा ओरडत होता, "मावशी, ह्यूस्टन स्टेशनवरून गाडी जाईल!" मी ओळीतून पळत गेले, आजींच्या पाठीवर थाप मारली आणि पस्तीस वर्षांनी घशातून तो आवाज काढला. आजी टुणकन उठून दोन पावलं पळाल्याही.

गाडी गेलीच.