हिंजवडी, ट्रॅफिक आणि बायनरी सर्च

वाकडच्या पुलाखाली बस नेहमीसारखी अडकली, म्हणून मुलाखतीच्या तयारीसाठी आज फोनवर बायनरी सर्च उघडलं (यादीच्या मधोमध बघायचं, नको तो अर्धा भाग सोडायचा, पुन्हा तेच). क्रमाने लावलेल्या १० लाख नोंदींत हवी ती शोधायला जास्तीत जास्त २० तुलना! पण खरी गंमत पुढे. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेवर काम केलेल्या जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये लिहिलं, की जावाच्या लायब्ररीतल्या (तयार कोडच्या संचातल्या) बायनरी सर्चमध्येच बग, म्हणजे चूक होती. मधला क्रमांक काढायला लो आणि हाय (शोधायच्या भागाचा पहिला आणि शेवटचा क्रमांक) यांची बेरीज करतात; यादी अवाढव्य झाली की ती इंटिजरमध्ये (पूर्णांकाच्या ठरावीक जागेत) मावत नाही, मधला क्रमांक उणे येतो. कित्येक वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि मुलाखतीत आमच्याकडून मात्र पाऊण तासात निर्दोष कोड हवा!

दिवसा ऑफिसात प्रॉडक्शनचे (चालू सॉफ्टवेअरमधले) बग, रात्री झाडं उलटी करायची (बायनरी ट्री हो, झाडासारखी दोन-दोन फांद्या फुटणारी माहितीची रचना). आई विचारते, "नोकरी आहे ना, मग अभ्यास कसला?" उद्यापासून ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची रचना). कुणी मॉक इंटरव्ह्यू घेणार का? रात्री दहानंतर.