शीर्षकातून कोकण काढा म्हणे

"स्कोप वाढवा, शीर्षकातून कोकण काढा, मग जर्नलचा विचार करू." प्रकाशन संस्थेतल्या मॅडम आज फोनवर एवढंच म्हणाल्या, मी रत्नागिरी स्टँडवर ऐकतच राहिले.

कोकणातल्या संशोधनावरच्या जर्नलच्या प्रपोजलमध्ये सगळं दिलं होतं हो, संपादक मंडळ, वर्षाला दोन अंक, पीअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून लेखांची तपासणी, कसा होणार, लेख कुठून येणार. त्यांचंही बरोबर आहे, लायब्रऱ्यांनी घेतलं नाही तर खर्च निघणार कसा.

पण उक्षी, कशेळी, बारसूची कातळशिल्पं, म्हणजे जमिनीवरच्या कातळात कोरलेल्या जुन्या आकृत्या, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आणि इथली पोरं भर उन्हात सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, टेप धरून एकेक आकृती मोजतायत, शेजारी जांभ्याच्या चिरेखाणी चालूच. ते काम कोकणाचं नाव काढून का छापायचं?

मी नाव बदलणार नाही. दुसऱ्या प्रकाशकाकडे पाठवतेय. संपादक मंडळात यायला कोण तयार आहे?