रात्रीचं कुलूप काढा

भांडुपच्या डोंगरावर आमच्या वस्तीत घरोघरी संडास नाहीत, सगळी मदार खालच्या सार्वजनिक शौचालयावर. महिन्याचा पास काढतो, सकाळी रांग लावतो, ते चालतं. चालत नाही ते रात्रीचं कुलूप. अकरा वाजले की जाळीच्या दाराला साखळी. म्हणून बाया संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. शेजारच्या मावशींना मधुमेह आहे, त्यांनी काय करायचं? माझ्या लेकीने पाळीच्या दिवसांत रात्री पॅड बदलायला जायचं कुठे?

राखणदाराला मी बोल लावत नाही. टाकीतलं पाणी संपतं, बायकांच्या बाजूचा दिवा गेलेला, आणि एकटा माणूस चोवीस तास कसा बसेल? पण त्यावर कुलूप हा उपाय नव्हे.

मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ म्हणजे लघवीच्या हक्काच्या मोहिमेतल्या कार्यकर्त्या सांगतायत, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हे बंद करा. डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयानेही महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं द्यायला सांगितलं. तरी आमच्या दाराला साखळी आहेच.

येत्या सोमवारी आम्ही गल्लीतल्या बाया सह्यांचा अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसला जातोय. रात्रपाळीला माणूस, चालू दिवा, आतून नीट लागणारी कडी, एवढंच मागणं आहे. वस्तीतल्या पुरुषांनीही सही करावी.