शिवणीतली माया

जुना कोट उसवायला घेतला की पहिला टाका तुटेपर्यंत हात अडतो. पुढचे टाके मग सटासट सुटतात. यावेळी पुढ्यात आहे तो गडद राखाडी लोकरी ओव्हरकोट. जुन्या कपड्यांच्या ढिगातून आला, कुणाचा होता कोण जाणे. इतका जड, की झोपलेलं मूल उचलावं तसा दोन्ही हातांनी उचलावा लागला. त्यातून मला कमरेपर्यंतचं जाकीट काढायचं होतं.

याला आता अपसायकलिंग म्हणतात. रायनर पिल्झ नावाच्या जर्मन अभियंत्यानं १९९४ साली एका मुलाखतीत हा शब्द वापरला, तेव्हा त्याच्या मनात कपडे नव्हतेच, पाडलेल्या इमारतींचा माल होता. धड विटा फोडून टाकण्याला तो पुनर्वापर म्हणायला तयार नव्हता. लोकरीलाही हा न्याय लागू पडतो. यॉर्कशरमधल्या बॅटली गावात १८१३ साली बेंजामिन लॉनं लोकरीच्या चिंध्या पिंजून, नव्या लोकरीत मिसळून पुन्हा सूत काढलं. त्या कापडाला शॉडी म्हणत. युक्ती नामी, पण पिंजताना धागा आखूड होतो आणि कापडाचा कस जातो. उलट कोट शिवणीवर उसवला, तर कापड जसंच्या तसं हाती येतं.

आधी मात्र कसर पाहायची. या किडीबद्दल आपण उगाच पतंगाला बोल लावतो. उडणारा पतंग काहीच खात नाही. लोकरीतलं केराटिन नावाचं प्रथिन पचवते ती त्याची अळी, आणि तिला कॉलरखालच्या, काखेतल्या अंधाऱ्या जागा आवडतात. घामाचा डाग असेल तर विचारूच नका. मी कोट पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवला. घरातल्यांनी काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

मग अस्तर निघालं, आणि कोट आतून दिसला. छातीपाशी घोड्याच्या केसांचा कॅनव्हास होता, आणि त्याला कापडाशी बांधणारे शेकडो तिरपे बारीक टाके. लेपलची, म्हणजे कॉलरखाली छातीवर उलटणाऱ्या पट्टीची, घडी डौलानं वळते ती या टाक्यांमुळे. इस्त्रीचा त्यात फारसा वाटा नसतो. अलीकडच्या बऱ्याच कोटांत हा थर गरम दाबानं चिकटवलेला असतो. गोंद सुटला की वरचं कापड फुगतं, आणि उसवायला जावं तर त्यात उसवण्यासारखं काही नसतंच. इथे मात्र कुणीतरी तासन् तास मान मोडून बसलं होतं. बाहेरून कुणालाही कधीच दिसणार नव्हतं असं ते काम.

आणि मग माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपीकामात हा शब्द कुणी दिला असेल? या कोटाच्या पाठीत दोन बोटं माया होती. दोन्ही बगलांत एकेकदा सोडल्याची खूणही होती: जुन्या शिवणीची फिकट रेघ, तिच्याशेजारी नवी टीप. म्हणजे मालकाचं पोट सुटलं होतं आणि कोटानं ते सांभाळून घेतलं होतं. कोटाला नाव नव्हतं, पण कंबर कळली. घाऊक शिलाईच्या कपड्यात माया इतकी काटून घेतलेली असते की माणसानं जाड व्हायचं ते स्वतःच्या जबाबदारीवर.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग होतं, तेव्हा पुरुषांच्या सुटांतून बायकांचे कोट-स्कर्ट बेतले जात. ती गरज होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मार्टिन मार्जेला या बेल्जियन डिझायनरनं जुने कपडे उसवून नवे घडवले आणि शिवणी मुद्दाम दिसू दिल्या, तेव्हा तिची फॅशन झाली. माझं जाकीट या दोन्हींच्या मधे कुठेतरी. स्पष्टच सांगते, धडधाकट, अंगाला बसणारा जुना कोट कापणं मला पटत नाही. त्याला दोन बटणं आणि नवं अस्तर पुरे. कात्री लावावी ती कसर लागलेल्याला, कोपरं विरलेल्याला. माझ्या कोटाच्या खालच्या घेरात सात भोकं होती, त्यामुळे मनाला टोचलं नाही.

तरी खडूनं आखलेल्या रेघेवर कात्री टेकवून मी बराच वेळ नुसती बसले. ताग्यातून कापताना चुकलं तर आणखी कापड मिळतं. इथे जुने खिसे, काजं, कापडाला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्या म्हणजे डार्ट, सगळे आपापल्या जागी ठाण मांडून बसलेले. त्यांना चुकवत तुकडे बसवायचे. पाठीचा मधला जोड मला नको होता, पण सलग तेवढं कापडच नव्हतं, म्हणून तो राहिला. लोक त्याला डिझाइन म्हणतील. ‘एकमेव नमुना’ म्हणून मिरवणाऱ्या कपड्यांत निम्मं कौतुक कापड कमी पडल्याचं असतं, असा मला दाट संशय आहे.

माझ्या एकमेवतेत एक चूकही आहे. लोकरी कापडाला लव असते, ती वरून खाली बसलेली. डाव्या खिशाची झडप मी भोकं चुकवण्याच्या नादात उलटी कापली. टेबलावर काही कळलं नाही. अंगात घालून खिडकीशी गेले तर उजवी झडप राखाडी, डावी जवळजवळ काळी. दुसरी कापायला तुकडा उरला नव्हता.

दोन दिवस ते जाकीट मी पाठ करून टांगलं. तिसऱ्या दिवशी एका मैत्रिणीनं पाहिलं, बरोबर त्या झडपेवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘हे कसं सुचलं गं तुला?’’

मी म्हटलं, ‘‘सुचलं.’’